बी म्हंजे सुद्धा

— नाही, ठेवा ना तिथी टेबलावर, अवो ठेवा काकू, लग्नाची बुंदी हातात धरून किती वेळ उभ्या राहान? बसा. पंखा मोठा करते. थो लॅपटॉप राहू द्या तसाच, बंद नका करू, चार वाजता मले काम आहे त्याच्यावर. — हाव, मलेच. काहून, लॅपटॉपवर काय पोराईचंच काम राहते का? बरं, तुमी काय विचारून राहिल्या होत्या? गार्गीचं. हाव. आता पाहा, रविवारी तुमच्या गौरांगची हळद होती, अन् रविवारीच गार्गीचा लॉ कॉलेजचा पेपर होता, प्रवेशाचा, घरूनच द्याचा, हे अख्ख्या बिल्डिंगले माहीत आहे, मीच सांगत फिरली होती की बाप्पा डीजे थोडा उशिरा लावा, पोरीच्या आयुष्याचा सवाल आहे. अन् आता तुमी म्हणता, पेपर होता दहा ते बारा, मंग अकरा वाजता गार्गी आमच्या गच्चीवर हळद फासून नाचून कशी राहिली होती. — नाचली असन. पोरगी आहे, डीजे वाजला की पाय थांबते का? पेपर लवकर झाला तिचा. भराभरा सोडवला अन् आली वर. हुशार आहे माही पोरगी. यात एवढं विचारासारखं काय आहे?

मी काहून नाही आली? — अवो मी कशी येईन काकू, शेजारच्या लेकाची हळद मले काय नको आहे? पण मले बसा लागत होतं ना. म्हंजे तिच्यापाशी. म्हंजे पाशी नाही, पाशी कोणाले बसूच देत नाही थे, बाहेर, दाराबाहेर. तुमाले वाटते घरून परीक्षा म्हंजे मज्जा, गाऊन घालून बसा, चहा पीत पीत लिहा — काय सांगू तुमाले, त्याच्यापेक्षा सेंटरवर जाऊन देलेली बरी. पयले त लॅपटॉप उचलून अख्खी खोली कॅमेऱ्याले दाखवा म्हणे. पलंगाखालचं दाखवा. कपाटावरचं दाखवा — कपाटावर आमच्या रजयांचं गाठोडं, थे सोडून दाखवलं, की बाप्पा पाहा, यात कोणी वकील लपला नाही. देव्हाऱ्याचा पडदा सरकवा. सगळं झालं, बसलं, अन् लाल पट्टी आली, खोलीत दुसरा माणूस आहे म्हणे. कोण दुसरा माणूस? इकडं पाहा, तिकडं पाहा, कोणीच नाही — अन् मागं भिंतीवर मामाजीचा फोटो! हार घातलेला! थो कॅमेरा त्याइलेच जिवंत माणूस समजून राहिला. मंग काय, उतरवला फोटो, अन् तोंड भिंतीकडं करून ठेवला कोपऱ्यात. जिवंतपणी सासऱ्याले तोंड फिरवा म्हणाची कोणाची हिंमत झाली नाही या घरात, थे एका लॅपटॉपनं करून दाखवलं. मंग नजर खिडकीकडं गेली की पट्टी, मान खाली गेली की पट्टी, ओठ हलले की पट्टी — अन् मले सवय आहे ओठ हलवून वाचाची — म्हंजे आमच्या घरात सगळ्याइलेच आहे, गार्गीले बी आहे. अन् वरून थो खणखण आवाज. माऊस धरला की खणखण, हात टेबलावर ठेवला की खणखण, अन् प्रत्येक वेळी पट्टी, आवाज येऊन राहिला, आवाज येऊन राहिला. शेवटी साबण लावून काढल्या बाई बांगड्या, एक त फुटलीच, हे पाहा मनगटावर अजून ओरखडा —

काय? — नाही. नाही घालत. गार्गी नाही घालत बांगड्या. — तुमी पाणी घेता का?

हाव. मीच देली. आता निघालंच तोंडातून त निघालं, गिळता थोडीच येते. परीक्षा मीच देली काकू. बी.ए. झालेल्या लोकाइले तीन वर्षाची वकिली करता येते, त्याची राहते थे परीक्षा, वयाची काही अट नाही, मी स्वतः वाचलं आहे, तीन वेळा वाचलं. हसा. हसून घ्या पयले, मंग बोलू. — नाही येऊन राहिलं हसू? बरं झालं. — सुशीलले? नाही, ह्याइले माहीत नाही. थे काटोलले गेले होते त्या दिवशी, आत्याच्या तेरवीले. त्याइले वाटते गार्गीनं देली. — लपवलं? हाव, लपवलं! चोरी केली का मी? लोकं दारू लपवते, उधारी लपवते, मी परीक्षा लपवली. अन् काहून लपवली विचारा ना. तुमाले वाटते नाही म्हणतीन म्हणून? नाही म्हटलं असतं त भांडली असती, भांडणाची मले काय नवलाई आहे! नाही म्हणणाऱ्यासमोर उभं राहता येते काकू. पण हसले असते त? जेवता जेवता, घास हातात धरून, ‘काय वं, खरंच?’ म्हणून हसले असते, त मी काय केलं असतं सांगा? हसण्यावर अपील नाही राहत.

कसं झालं थे सांगते, ऐकाच आता. गार्गीच्या पप्पाइनं तिले वकिलीच्या क्लासले टाकलं, घरूनच, लॅपटॉपवर. तिले व्हाचं आहे कुत्र्या-मांजराईचं डॉक्टर. पप्पा म्हणे नाही, घरात एक वकील पाहिजे. घरात एक वकील पाहिजे — अन् मी समोर उभी राहून पोळी वाढून राहिली होती! बरं. त क्लास लागला की पोरगी पाहे मोबाईल, अन् लॅपटॉपमधला थो सर बिचारा एकटाच ओरडून राहे. मी तिथीच बसून सांबाराची जुडी निवडत होती. आता कानाले काय झाकण लावू? एक दिवस त्यानं विचारलं — एका माणसानं लोकाईच्या भिंतीवर चढून झाडाचे जांब तोडले, पडला, पाय मोडला, अन् वरून मालकाकडं भरपाई मांगून राहिला, द्याची का? गार्गी म्हणे, मम्मी कोणतं टाकू? मी म्हटलं, टाक तिसरं, चोर त चोर अन् वरून शिरजोर. टाकलं. बरोबर निघालं! मंग रोजचंच झालं थे. सराव-परीक्षा आली की पोरगी उठे अन् मी बसो. इंग्रजीले डोकं दुखे सुरुवातीले, डिक्शनरी घेऊन बसो, एक पान वाचाले गॅसवरची डाळ करपून जाये. पण कायद्याचं जे होतं ना काकू, ‘हा नियम, ही हकीकत, आता सांगा कोण चुकलं’ — अवो हेच त मी आयुष्यभर करून राहिली! नळाच्या पाण्यावरून, पार्किंगवरून, नणदेच्या साडीवरून. तिथी फक्त कोणी मार्क देत नव्हतं.

अन् मार्क असे आले की त्या सरनं ह्याइले फोन केला. ‘बच्ची का दिमाग बहुत तेज है, लीगल में टॉप किया है.’ हे त हवेत! संत्रा बर्फी घेऊन आले, तुमाले बी देली होती थी बर्फी, आठवते ना? तुमी विचारलं होतं काहूनची बर्फी, त म्हणे पोरगी बापावर गेली. डोकं माहं, अन् गेलं कोणावर? बापावर! मी बी खाल्ली बर्फी. काय करू, माह्याच अकलेची होती, मंग मले नको का? थ्या दिवशी गार्गीनं माह्या गळ्यात हात टाकून म्हटलं, मम्मी, आता बस झालं, तूच दे ना परीक्षा. इथी वर्धा रोडच्या पुढं नवीन कॉलेज निघालं आहे, बसनं जाता येते. मी म्हटलं, पागल झाली का तू? अन् रात्रभर झोप नाही. सकाळी उठून म्हटलं, भर माह्या नावानं फॉर्म.

एक मिनिट. ‘या वयात कायले पाहिजे’, हे तुमी म्हणू नका. बाकी कोणी म्हणो, तुमी नका म्हणू. कारण माहं नाव तुमी ठेवलं आहे. — कोणतं नाव म्हंजे? वकील! ‘आली वकीलीण.’ ‘विचारा आमच्या वकीलसाहेबाले, भाजीत मीठ कमी काहून आहे.’ एकवीस वर्षं ऐकून राहिली मी. मामाजी म्हणे, सासूबाई म्हणे, नणदा म्हणे, आता त ह्याइच्या ऑफिसमधले लोकं बी म्हणते, ‘वकीलबाई घरी आहे का?’ अन् सुरुवात कोणी केली? आठवा. स्थळ तुमीच आणलं होतं. इतवारीत, माह्या माहेरी, भांड्याच्या गल्लीत, वरच्या खोलीत सगळे बसले होते, खाली हातगाडीवाले ओरडून राहिले होते, टेम्पो अडकला होता. मामाजीनं विचारलं, पुढं काय कराचा विचार आहे बेटा. मी म्हटलं, वकिली. त्याइले ऐकू नाही गेलं त्या गोंधळात. मंग मी मोठ्यानं म्हटलं — वकिली! तेवढ्यात नेमका टेम्पोवाला चूप झाला, अन् माहा आवाज असा घुमला खोलीत की काय सांगू. अन् सगळे हसले. मामाजी हसले, हे हसले, माहे बाबा हसले काकू, माहे स्वतःचे बाबा, ज्याइनं मले कॉलेजात टाकलं. अन् तुमी टाळी वाजवून म्हटलं, ‘घ्या, वकील घरातच येऊन राहिली, आता भांडणाले बाहेर जाची गरज नाही.’ — गंमत होती? असन. तुमाले गंमत होती. मी त्याच्यानंतर एक शब्द नाही बोलली. चहाचा ट्रे घेऊन बसून राहिली खाली पाहत. अन् तुमी काय म्हटलं? ‘पोरगी गप्प आहे म्हंजे पसंत आहे.’ झालं! सुपारी फुटली!

नाही, ह्याइच्याबद्दल तक्रार नाही माही. चांगले आहे थे. सांगून राहिली फक्त. कारण पाहा, पेपरात काय आलं? — एका काकानं पुतण्याले चिठ्ठी लिहिली, की तुही गाडी मी इतक्या पैशात घेतो, तुहं उत्तर नाही आलं त मी समजीन सौदा पक्का. पुतण्या गप्प बसला. आता सांगा, सौदा झाला की नाही? चार उत्तरं देलेली, ए बी सी डी. अन् मले असं वाटलं की हा प्रश्न कोणी मलेच पाहून काढला आहे. गप्प बसला म्हंजे हाव म्हटलं असं कायदा मानत नाही काकू! कायदाच मानत नाही! एवढी मोठी गोष्ट, अन् मले कोणी सांगितलीच नव्हती. माह्या डोळ्यात पाणी आलं, पुसाले हात वर केला त लाल पट्टी. दुसरं उत्तर होतं त्याचं. बी. मी ‘बी’ वर टिक केलं — अन् इथूनच सगळी भानगड झाली. इथूनच. अन् थी भानगड तुमी केली.

अवो हाव, तुमीच! बसा, उठू नका, बुंदीचा डबा कुठी पळून राहिला का? तुमी आल्या होत्या की नाही आमच्या दाराशी, गार्गीले बोलवाले? गार्गीले मी बाहेर उभंच केलं होतं, कोणी आलं त तिथूनच परत लाव म्हणून. पण तुमाले परत लावणारं अजून जन्माले याचं आहे. गार्गी बाहेर दिसली त तुमाले वाटलं पेपर झाला, पॅसेजमधूनच आवाज देला तुमी, अन् आवाज कसा तुमचा — इतवारीत देला त लकडगंजात ऐकू जाईन! ‘ए गार्गी! ए! तू बी ये, तुह्या मायले बी घे, मेहंदीवाली बी आली, घुगऱ्या बी झाल्या!’ गार्गी घाबरली, तुमचा आवाज बंद कराले तुमच्यासंगं वर पळाली, अन् मंग वर जाऊन नाचली बी, थे अलग. पण तुमचं जे बोलणं होतं ना, थे सगळं त्या लॅपटॉपनं रेकॉर्ड केलं. अन् बुधवारी मेल आला मले. काय लिहिलं माहीत आहे? ‘परीक्षा सुरू असताना एक स्त्री दाराबाहेरून उमेदवाराला उत्तरं सांगत होती. तिनं ए आणि बी हे पर्याय वारंवार सांगितले.’ — समजलं का? ‘ए गार्गी’चा झाला ए. अन् ‘तू बी’, ‘मेहंदीवाली बी’, ‘घुगऱ्या बी’, याचे झाले सगळे बी! कंपनी दूर कुठली, तिथलं मशीन ऐकते, त्याले काय माहीत आमच्याकडं बी म्हंजे सुद्धा! अन् त्याच मिनिटाले मी टिक कायवर केली? बी वर! आता सांगा, कोणता जज मानीन?

हसून राहिल्या ना आता? हसा. मी बी हसली पयले. मंग रडली. न्हाणीघरात नळ सोडून रडली. कारण निकाल रोखून ठेवला आहे माहा. समाधान नाही झालं त पेपर रद्द, अन् या कॉलेजात परत कधीच बसू देणार नाही. नकल करणारी म्हणून नाव लागीन. काकू, नापास झाली असती त चाललं असतं मले. आपल्याच डोक्याचं नापास, त्याले कोण बोलते? पण चोट्टी म्हणून काढली त नाही चालणार. बिल्कुल नाही चालणार.

त आता चार वाजता सुनावणी आहे, इथीच, या लॅपटॉपवर. एक दिल्लीकडचे साहेब आहे, एक पुण्याच्या मॅडम आहे. घरचा माणूस साक्षीले चालत नाही, बाहेरचा असन त आणा म्हणे. अन् तुमी स्वतःच्या पायानं बुंदी घेऊन आल्या. तुमी फक्त एवढं सांगाचं, की आवाज माहा होता, मी हळदीले बोलवाले आली होती. बस. — कोर्ट नाही थे काकू, व्हिडिओ कॉल आहे. — ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’, माहीत आहे, माहीत आहे, शहाण्यानं चढू नये म्हटलं आहे, शहाणीनं चढू नये असं कुठी म्हटलं? — नाव गाव काही छापून येत नाही पेपरात. — गौरांगच्या सासरचे काय म्हणतीन? काय म्हणतीन! म्हणतीन सासूबाई इंटरनेटवर गेल्या!

काय म्हटलं? — पयले सुशीलले सांग, त्यानं हाव म्हटलं त मी बोलीन. असं. — नाही. हे नाही होणार. संध्याकाळी थे आले की मीच सांगणार आहे, पेपर राहो की रद्द होवो, सांगणार आहे, त्याइच्यासमोर बसून, अन् हसले त हसू देईन, हसून होईपर्यंत थांबीन, अन् मंग परत सांगीन. पण विचारणार नाही. परवानगी नाही मांगणार. गच्चीवर पापड टाकाले विचारली का मी कधी? मंग हे काहून विचारू? — सांगता तुमी? सांगा! हा घ्या फोन, नंबर लावून देते. घ्या ना. — हात काहून मागं घेतला? तुमचं साक्ष देणं अन् माहं विचारणं, याचा सौदा नको काकू. द्याची असन त द्या, नसन त बुंदी खाऊन घरी जा. — बोलता? खरंच? एवढंच, ‘आवाज माहा होता’. हाव. पदर नीट करा पाहिजे त. इकडं या, इथी, खुर्ची ओढा. वाजले पाहा चार.

— हॅलो. येऊन राहिला का आवाज? नमस्कार सर. नमस्कार मॅडम. हाव, मीच मिनल. नाही मॅडम, पुण्यासारखं नाही बोलणार मी, येते मले, पण आज माह्याच बोलीत बोलणार, कारण भांडणच माह्या बोलीचं आहे, सरले तुमी हिंदीत सांगून द्या. या तारा काकू, आमच्या दारासमोर राहते, साक्षीदार. — काकू, मॅडम विचारून राहिल्या, रविवारी आमच्या दाराशी तुमी आल्या होत्या का. सांगा. — काकू? — अवो मान काहून हलवून राहिल्या? नाही? नव्हत्या आल्या? अवो आता त म्हटलं — तोंडावरचा पदर त काढा!

नाही मॅडम, थांबा. कट नका करू सर, हाथ जोडती हूँ, दो मिनट. साक्षीदार घाबरली आहे, तिले मी विचारते. तुमीच लिहिलं होतं मेलमध्ये, उमेदवार आपली बाजू मांडू शकते. मांडून राहिली. — काकू, इकडं पाहा. त्या कॅमेऱ्याकडं नका पाहू, माह्याकडं पाहा. पेपर गेला उडत. राहू द्या थे. मले एक दुसरंच विचाराचं आहे, माह्या मनाले लागलं आहे म्हणून विचारते. गौरांगच्या हळदीचं बोलावणं तुमी आमाले काहून नाही देलं? — हाव, नाहीच देलं! अख्ख्या मनीषनगरले बोलावलं, खालच्या वॉचमनले बोलावलं, अन् आमचं दार तुमाले दिसलं नाही? समोरासमोर दार, अन् एक अक्षर नाही? आमी काय जेवाले महाग होतो? तुमी त आल्याच नव्हत्या ना आमच्या दारी, आता मॅडमसमोर मान हलवून सांगितलं तुमी, की नव्हती आली. म्हंजे बोलावणं नाहीच देलं. उद्या सगळ्या बिल्डिंगले सांगते मी, तारा काकूनं शेजारधर्म —

काय? — काय म्हटलं? उभं राहूनच बोला, मोठ्यानं बोला, माईक इकडं आहे. — अस्सं. स्वतः आल्या होत्या. चपला न घालता आल्या होत्या. पॅसेजमध्ये उभं राहून, घसा सुकेपर्यंत. काय म्हणून बोलावलं होतं, थेच म्हणा, जसंच्या तसं. — हाव. हाव. — परत एकदा.

ऐकलं मॅडम? मी एक शब्द तोंडात नाही घातला त्याइच्या. ‘तू बी ये’, ‘मायले बी घे’. मोजा, रेकॉर्डिंग लावा बाजूले अन् मोजा. अन् आता रागात काय म्हणून राहिल्या थे बी ऐका, ‘तुले बी बोलावलं, तुह्या पोरीले बी बोलावलं, अन् वरून मलेच बोलते’ — झाले किती? हे उत्तर आहे का हो मॅडम? हे आमंत्रण आहे. सरले सांगा, भी. हिंदी का भी. — हसून राहिल्या तुमी. हसा. सर बी हसून राहिले. हसा, काही हरकत नाही, पण लिहून घ्या. साक्षीदाराचं नाव तारा, राहणार मनीषनगर, आवाज तिचा, बोलावणं हळदीचं. लिहिलं? वाचून दाखवा. — हाव, बरोबर. आता दुसरा मुद्दा, मी बी वर टिक काहून केली, त्याचं कारण सांगते, कायद्यासहित सांगते.

— नाही काकू, आता तुमी नका बोलू. तुमचं झालं. बोलावणं मिळालं होतं आमाले, मान्य आहे, चुकली मी, पाया पडते संध्याकाळी येऊन. आता या तुमी. दार लोटून घेजा.